बुद्धविद्येचा आश्रयदाता : श्रीमंत सयाजीराव महाराज

राजाने देवालये बांधावीत, मूर्ती घडवाव्यात आणि आपली राजधानी शोभिवंत करावी, ही रीत फार जुनी आहे. दूर पूर्वेकडील कोरिया देशात सिल्ला राज्याची राजधानी ग्योंगजू येथे होती. सातव्या शतकात तेथील राणी सोंदोक हिने एका बौद्ध विहारात नऊ मजली लाकडी मनोरा उभारला. पुढे ७५१ साली प्रधान किम देसोंग याने सोक्कुराम येथे ग्रॅनाइट दगडाचे लेणे रचावयास आरंभ केला. त्या लेण्यातील बुद्ध उजव्या हाताने भूमीला स्पर्श करून बसला आहे. ही मुद्रा बोधगयेतील ज्ञानप्राप्तीची खूण होय. ती मूर्ती आजही आहे. मनोरा मात्र १२३८ साली मंगोलांच्या स्वारीत जळाला आणि पायाचे दगड तेवढे उरले. राजाश्रयातून अखेर काय टिकते, या प्रश्नाचे एक उत्तर आमच्या बडोद्याच्या राजाच्या चरित्रात आम्हांस सापडते.

सयाजीराव महाराजांचा जन्म १८६३ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळराव. १८७५ च्या मे महिन्यात महाराणी जमनाबाईंनी त्यांस दत्तक घेतले. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या या बालकाचे रीतसर शिक्षण राजवाड्यातच सुरू झाले. विद्या उशिरा हाती आली, म्हणूनच की काय, तिची किंमत त्यांनी पुरती ओळखली. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली आणि १९०६ साली त्यांनी संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले.

महाराजांनी बुद्धाला जो आश्रय दिला, तो मुख्यतः ग्रंथांच्या रूपाने. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी बडोद्याच्या ग्रंथमालेसाठी लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र १८९८ साली प्रसिद्ध झाले. पुढे धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे गाढे पंडित कलकत्त्यास शिकवीत असता महाराजांनी त्यांस महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करण्यासाठी दरमहा ५० रुपये देऊ केले. कोसंबींनी अधिक वेतनाचा मोह सोडून ते स्वीकारले. त्यांनी बडोद्यात दिलेली व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या पुस्तकाच्या रूपाने मराठी घरांत पोहोचली.

मूर्तिशास्त्रावरील या राजाचे उपकारही थोडे नाहीत. १९१६ साली सुरू झालेल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत विनयतोष भट्टाचार्य यांनी ‘साधनमाला’ हा संस्कृत बौद्ध ग्रंथ १९२५ व १९२८ साली दोन खंडांत संपादित केला. त्यातील ३१२ साधनांत देवतेचा वर्ण, मुखे, हात, आयुधे व आसन यांचे वर्णन आहे. भूमीला स्पर्श करणारा वज्रासन बुद्धही त्यात आहे. त्याच्या उजवीकडे मैत्रेय व डावीकडे लोकेश्वर. संग्रहालयांत निनावी पडलेल्या कितीतरी मूर्ती या ग्रंथाच्या आधारे ओळखता आल्या. हे काम चालविणारे प्राच्यविद्या मंदिर पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामील झाले.

आता या चरित्रातील सर्वांत मोठी गोष्ट सांगतो. १९०७ साली भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी मॅट्रिक झाला, तेव्हा केळुसकरांनी त्यास आपले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे त्यांच्याच मध्यस्थीने महाराजांनी त्याला दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ साली उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस पाठविले. परंतु १९१७ साली हा विद्वान तरुण संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यास आला, तेव्हा केवळ जातीमुळे त्यास या शहरात राहावयास घर मिळाले नाही. अवघ्या काही दिवसांत त्यास परतावे लागले. राजाने विद्या दिली, पण राजाच्या राजधानीने छप्पर नाकारले! महाराजांची थोरवी सांगताना आम्ही बडोदेकरांनी ही लाजही सांगितली पाहिजे. हुकमाने शाळा काढता येते. शेजाऱ्याचे मन हुकमाने उघडत नाही.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराजांचे निधन झाले. त्यानंतर सतरा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. आंबेडकरांनी नागपूर येथे लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. केळुसकरांच्या त्या पुस्तकानेच आपण बुद्धाकडे प्रथम वळलो, असे त्यांनी स्वतः नमूद केले आहे.

ग्योंगजूचा मनोरा एका आगीत गेला. बडोद्याच्या ग्रंथमालेतील एक मराठी पुस्तक मात्र एका मुलाच्या हाती पडले आणि लक्षावधी माणसांच्या जीवनाची दिशा पालटली. विद्यार्थी मित्रांनो, कमाटी बागेजवळील संकल्पभूमीवर जाल, तेव्हा ते पुस्तक लिहवून घेणाऱ्या राजाची आठवण ठेवा. आणि त्या तरुणाला या शहरात घर का मिळाले नाही, हेही घरी वडीलधाऱ्यांस अवश्य विचारा.