राजाबाई टॉवरचे शिल्पकार

मुंबईचा राजाबाई टॉवर आपण पुष्कळजणींनी पाहिला आहे. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाकरिता दोन लाख रुपये दिले, हेही ठाऊक असते. पण त्याचा नकाशा काढणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट कोण, ते कुणी सांगत नाही, म्हणून लिहिते.

स्कॉट १८११ साली इंग्लंडात एका खेड्यातल्या धर्मोपदेशकाच्या घरी जन्मले. लहानपणापासून जुन्या चर्चांची चित्रे काढण्याचा नाद. पण त्यावर पोट कसे भरणार? १८३४ साली तिकडे गरिबांसाठी नवा कायदा झाला आणि ठिकठिकाणी वर्कहाऊस, म्हणजे निराधारांना ठेवून कामाला लावण्याची घरे, निघाली. मोफट नावाच्या भागीदाराबरोबर स्कॉटनी अशी पन्नासेक घरे बांधली. पैसा आला, मन रमेना. मोफट कामाला वाघ, पण खर्चिक, आणि चार माणसे दुखावणारा. भागी मोडावी असे स्कॉटना वाटे, पण भिडस्त स्वभाव, तोंडातून शब्द फुटेना.

शेवटी त्यांच्या पत्नी कॅरोलाइनबाई यांनीच कंबर बांधली. यजमान बाहेरगावी असताना त्या थेट कचेरीत गेल्या आणि भागी मोडायचे ठरले आहे, असे मोफटना सांगून आल्या. मला तर या बाईंचे फार कौतुक वाटते!

पुढे स्कॉटनी चर्चे बांधली ती किती म्हणून सांगू. जर्मनीत हँबुर्गला १८४२ साली मोठी आग लागून सेंट निकोलसचे चर्च जळाले होते. ते त्यांनी नव्याने उभारले. त्याचा मनोरा १८७४ साली पुरा झाला, तेव्हा जगात सर्वांत उंच होता.

त्यांना नावे ठेवणारेही होते. जुन्या चर्चांची डागडुजी करताना ते पुष्कळ जुने काढून नवे बसवीत. कल्हईला पातेले द्यावे आणि घरी नवेच यावे, तसे. विल्यम मॉरिस यांनी तर १८७७ साली याविरुद्ध संस्थाच काढली. पण सेंट ऑल्बन्सचा कोसळू घातलेला बुरूज वाचवला तो स्कॉटनीच, हेही विसरू नये.

मुंबई विद्यापीठाचे नकाशे त्यांनी लंडनहून पाठवले. स्वतः हिंदुस्थानात कधी आले नाहीत. मार्च १८७८ मध्ये ते वारले आणि टॉवर पुरा झाला नोव्हेंबरात. वेस्टमिन्स्टर ॲबेत त्यांना मानाने पुरले. ‘सर’ ही पदवी त्यांना १८७२ साली मिळाली होती, पण कॅरोलाइनबाई त्याच वर्षी, पदवीच्या काही महिने आधी, गेल्या होत्या.