रंग न ओळखणारा चित्रकार : लक्ष्मणराव किर्लोस्कर

नांगर, पंप, इंजिन म्हटले की किर्लोस्कर हे नाव आपल्याकडे आपोआप तोंडी येते. पण ज्यांनी या उद्योगाचा पाया घातला, त्या लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्करांना व्हायचे होते चित्रकार! २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. कानडी मुलखातल्या एका खेड्याने मराठी माणसाला संगीत नाटकही द्यावे आणि नांगरही द्यावा, ही गोष्ट आपल्या सीमाभागातच घडू शकते.

लक्ष्मणरावांचे मन पुस्तकात रमेना. हात मात्र सतत काही ना काही खटपट करीत. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या पाठिंब्यावर ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे कळले, की आपल्याला रंगांतला फरकच नीट दिसत नाही. चित्रकाराला याहून मोठा अडथळा तो कोणता? पण यंत्रांच्या आराखड्याला रंग लागत नाही, लागते ती रेघ आणि माप. ते यंत्ररेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले.

नोकरीत असतानाच, १८८८ साली, दोघा भावांनी सायकलींचा व्यापार सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत. रामूअण्णा बेळगावात त्या विकीत आणि गिऱ्हाइकांना चालवायलाही शिकवीत. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना यातले मर्म चटकन कळावे. ज्या वस्तूचा उपयोगच लोकांना ठाऊक नाही, ती नुसती दुकानात मांडून खपत नाही. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. पदवी हाती पडल्यावर आपल्यापैकी बहुतेकांची नजर बँकेच्या परीक्षेवर असते (माझीही आहे), त्यामुळे या राजीनाम्याचे वजन मला जास्तच जाणवते.

बेळगावात त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर. खरी परीक्षा झाली ती नांगराची. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. या दोन वर्षांत माल पडून, पैसा अडकून. हिशेबाच्या वहीत हा काळ कसा दिसला असेल, याची कल्पना करवत नाही. शेतकऱ्याला अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे होते. पण ज्याचे सारे वर्ष एका पिकावर अवलंबून, तो नव्या अवजाराला भिणारच, असे मला वाटते. त्याची खात्री पटेपर्यंत लक्ष्मणराव थांबले.

जरा बस्तान बसते तोच नगरपालिकेचा हुकूम आला. कारखान्याची जागा नव्या वसाहतीसाठी हवी होती. ती रिकामी करणे भाग पडले. लक्ष्मणरावांना तेव्हा एक्केचाळिसावे वर्ष चालू होते. हाताशी यंत्रे होती, माणसे होती, पण जागा नव्हती. येथे बहुतेक चरित्रकार दुर्दम्य इच्छाशक्तीचे गोडवे गातात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यांची पत. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांना ओळखत होते; औंधच्या देवळाच्या सभामंडपाचे काम त्यांनी लक्ष्मणरावांकडे दिले होते. काम पाहिलेल्या माणसाने मग १०,००० रुपये कर्ज दिले आणि आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन दिली. ताळेबंदात या ओळखीला कुठल्या रकान्यात घालायचे, हे आमच्या पुस्तकात नाही.

जमीन कसली, निवडुंगाचे रान! पाण्याची टंचाई आणि सापांचा सुळसुळाट. १० मार्च १९१० रोजी तेथे कामाला आरंभ झाला. शंभोअण्णा जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर असे सोबती संसारासह त्या माळावर येऊन राहिले. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्यांना लक्ष्मणरावांनी चक्क राखणदार नेमले. शेजारची गावे हसली असतील. पण त्या माणसांनी वाडी राखली.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येईना, त्यामुळे नांगरांना मागणी वाढली. पण लोखंड, कोळसा, रंग यांचाही दुष्काळ पडला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्या वेळी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा नांगरासाठी दिल्या, असे सांगतात. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी वाडीतून मासिक सुरू केले. मुलगा शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून आला, आणि १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहरला यंत्रांचा कारखाना उभा राहिला. असे हे नाव पुन्हा कानडी मुलखात आले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले. १९६९ साली, जन्मशताब्दीला, त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. कुंडल रोड स्टेशनही पुढे किर्लोस्करवाडी झाले. बेळगावात त्यांच्या नावाचा रस्ता आहे, भर बाजारपेठेत. कारखाना मात्र गेला तो गेलाच.