केरूनानांचं रीडिंग

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालेली एसटी अक्षी सोडते आणि नागाव लागतं. वीकेंडला इथं पार्किंगला जागा मिळत नाही. बनाना राइड, होमस्टे, पोपटी, सगळं जोरात. या गर्दीतल्या फार थोड्यांना माहीत असतं, की लोकमान्य टिळकांना कॉलेजात गणित शिकवणारे प्रोफेसर याच गावचे. विनायक लक्ष्मण छत्रे त्यांचं नाव. सगळा महाराष्ट्र त्यांना केरूनाना किंवा केरोपंत म्हणायचा. जन्म 1825 चा, मृत्यू 1884 चा.

गणिती, ज्योतिषी, पाठ्यपुस्तकं लिहिणारे, पंचांग सुधारणारे अशी त्यांची ओळख स्पर्धा परीक्षेच्या गाइडमध्ये एका ओळीत उरकलेली असते. पण त्यांची पहिली नोकरी कसली होती, हे त्या ओळीत नसतं. नोकरी होती रीडिंग घेण्याची.

पंधरा-सोळाव्या वर्षी वेधशाळेत

नागावातून शिक्षणासाठी केरूनाना मुंबईला गेले. ‘बाळमित्र’ लिहिणारे सदाशिव काशिनाथ छत्रे याच घराण्यातले, म्हणजे घरात पुस्तकांचं वारं होतं. एल्फिन्स्टनमध्ये ऑर्लिबार नावाचे प्रोफेसर गणित आणि विज्ञान शिकवत. त्यांच्याकडेच कुलाब्याच्या वेधशाळेचं काम आलं आणि 1840 च्या सुमारास त्यांनी हाताखाली घेतला हा कोकणातला पोरगा. तुमच्यातले कितीतरी जण अकरावीचं ॲडमिशन घेतात त्या वयात केरूनाना महिना पन्नास रुपयांवर असिस्टंट झाले.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये बांधली ती आकाशाचे वेध घ्यायला आणि जहाजांना अचूक वेळ द्यायला. 1841 पासून तिथं आणखी एक काम सुरू झालं. पृथ्वी स्वतः एक मोठं लोहचुंबक आहे आणि तिची ताकद दर तासाला जराशी बदलते. का बदलते, हे तेव्हा कुणालाच नीट उमगलेलं नव्हतं. जर्मनीत गाउससारख्या गणितज्ञाने ठरवलं, की जगभर एकाच वेळी मोजमाप करायचं. मग टोरंटो, सेंट हेलेना, केप, होबार्ट आणि इकडे सिमला, मद्रास, मुंबई, सिंगापूर असं मोजणाऱ्यांचं एक जाळंच उभं राहिलं.

मोजायचं कसं? धाग्याला टांगलेलं एक चुंबक. ते किती सरकलं हे दुर्बिणीतून पट्टीवर वाचायचं, घड्याळ बघायचं, वहीत लिहायचं. तासाभराने परत तेच. रात्री, पावसात, सणासुदीला सुद्धा. ऐकायला हे काम अगदी कंटाळवाणं वाटतं. आज घेतलेल्या आकड्याचा आज काही उपयोगही नसतो. पण मधला एक तास चुकला, तर तो पुन्हा मोजता येत नाही. काल दुपारी सुई कुठं होती, हे आज सुईला विचारून कळत नाही. केरूनाना अशा ठिकाणी जवळजवळ दहा वर्षं होते.

सिमला आणि सिंगापूरची कामं काही वर्षांतच बंद पडली. मुंबईची वही चालू राहिली. केरूनाना 1851 मध्ये पुण्याला शिकवायला गेले, तरी मागे असिस्टंट येत राहिले, आकडे लिहीत राहिले. मग उजाडला 2 सप्टेंबर 1859. सकाळी अकराच्या सुमारास कुलाब्याच्या चुंबकाने अशी काही बुडी मारली, की वहीतला आकडा सुमारे 1,600 नॅनोटेस्लांनी खाली गेला. सूर्यावरून आलेलं ते महाभयंकर वादळ होतं. युरोप-अमेरिकेत तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या. 2003 मध्ये भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी मिळून त्या वादळाची ताकद नव्याने मोजली, तेव्हा आधार घेतला तो कुलाब्याच्या या हाताने लिहिलेल्या आकड्यांचा. अशा वादळांची धास्ती आज वीज कंपन्यांना असते, कारण मार्च 1989 मध्ये एका सौर वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज काही सेकंदांत घालवली होती.

सरासरीवर चालणारं पंचांग

पुण्यात केरूनाना आधी पूना कॉलेजात आणि पुढे डेक्कन कॉलेजात गणित शिकवत. मराठीत त्यांनी अंकगणिताचं आणि पदार्थविज्ञानाचं पुस्तक लिहिलं. पण रीडिंग घेण्याची लागलेली सवय सुटली नाही. ती त्यांना एका मोठ्या भांडणात घेऊन गेली. ते भांडण पंचांगाचं.

इथं पुन्हा आपल्या किनाऱ्यावर यावं लागतं. नागावच्याच रस्त्याने पुढे रेवदंडा, काशीद ओलांडलं, की मुरूडच्या अलीकडे नांदगाव लागतं. सोळाव्या शतकात तिथं केशव दैवज्ञ आणि त्यांचा मुलगा गणेश दैवज्ञ हे मोठे ज्योतिषी होऊन गेले. गणेश दैवज्ञांनी 1520 मध्ये ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला. गणित इतकं सोपं केलं, की पुढची तीनशेहून अधिक वर्षं महाराष्ट्रातली पंचांगं त्याच्यावर निघत राहिली. वडील केशव स्वतः आकाश बघणारे होते. जुन्या ग्रंथांतला ग्रह आणि आकाशातला ग्रह जुळत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं आणि पुढच्यांनीही वेळोवेळी वेध घेऊन गणित दुरुस्त करावं, असं सांगून ठेवलं होतं.

पुढच्यांनी ते केलं नाही. कोष्टकं सोपी होती, बेरीज-वजाबाकी केली की तिथी तयार. आकाशाकडे मान वर करून बघायची गरजच उरली नाही. आता असं बघा: ग्रहाची ठरावीक गती धरून तुम्ही हिशोब करत गेलात आणि त्या गतीत केसाएवढी चूक असली, तर पहिल्या वर्षी काही बिघडत नाही. पण चूक दरवर्षी साठत जाते. केरूनानांच्या काळापर्यंत ती इतकी साठली, की पंचांगात लिहिलेली ग्रहणाची वेळ आणि डोळ्यांना दिसणारं ग्रहण यांचा मेळ बसेना.

केरूनानांनी युरोपातल्या ताज्या वेधांवर आधारलेल्या कोष्टकांवरून 1860 मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत तयार केली. आकाशाचे वेध घ्यायचा नाद असलेले आबासाहेब पटवर्धन त्यांच्या मदतीला आले आणि 1865 पासून नवं पंचांग छापून निघू लागलं. पटवर्धनी पंचांग ते हेच.

लोकांनी ते डोक्यावर घेतलं का? मुळीच नाही. हिशोब बरोबर होता, पण तो मानला तर कधीकधी अधिक महिना बदलायचा आणि सणच महिनाभर इकडेतिकडे व्हायचे. आजीने केलेली चतुर्थी चुकीची होती, हे कुठल्या घरात ऐकून घेतील? पंचांग फार थोड्यांनी वापरलं. तरी केरूनाना काढत राहिले. त्यांच्या मागे टिळकांनी ती बाजू लावून धरली. आजही काही घरांत टिळक पंचांग पाळतात आणि एखाद्या वर्षी त्यांचे गणपती बाकीच्यांपेक्षा महिनाभर आधी बसतात. त्या महिनाभराचं मूळ केरूनानांच्या कोष्टकांत आहे.

वही अलिबागला येते

केरूनाना गेले 1884 मध्ये. त्यांच्या मागे कुलाब्यात एक नवीनच संकट आलं. मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार होती. ट्रामच्या तारांतून वीज वाहायला लागली, की जवळचं नाजूक चुंबक तिच्यानेच हलणार. मग सुई हलली ती पृथ्वीमुळे की ट्राममुळे, ओळखायचं कसं? वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी वीज पोचलेली नाही अशी जागा शोधली. ती मिळाली अलिबागला, केरूनानांच्या नागावपासून हाकेच्या अंतरावर. 1904 मध्ये तिथं चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. बांधकाम लोखंड टाळून, खास पोरबंदरचा दगड आणून.

मूस यांनी घाई केली नाही. 1904 ते 1906 अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडे रीडिंग घेतलं. दोन जागांच्या आकड्यांत किती फरक पडतो ते पक्कं झालं, तेव्हाच कुलाब्याचं थांबवलं. ट्राम धावली 1907 मध्ये. म्हणून 1840 च्या दशकात सुरू झालेली नोंद आजतागायत सलग जोडता येते. जगात अशा सलग नोंदी मोजक्याच आहेत.

आता तुमच्या ओटीवरचा मीटर

हे सगळं आज सांगायचं कारण घराच्या भिंतीवर आहे. वीजबिलावर ‘मागील रीडिंग’ आणि ‘चालू रीडिंग’ असे दोन रकाने असतात. दोन्हींची वजाबाकी म्हणजे तुमचे युनिट. पण मीटर वाचायला आलेल्या माणसाला घर बंद दिसलं, तर चालू रीडिंग मिळत नाही. मग आधीच्या महिन्यांची सरासरी धरून बिल येतं. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन पट्ट्यात हे नवीन नाही. चाकरमानी मुंबईत, घराला कुलूप, मीटर आत.

2020 मध्ये तर अख्ख्या महाराष्ट्राने याचा अनुभव घेतला. लॉकडाउनमध्ये घरोघरचं रीडिंग थांबलं, सरासरीची बिलं आली आणि जूनमध्ये साठलेले सगळे युनिट एकदम बिलात उतरले. लोक हादरले. आपल्याकडे त्यातच 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. खांब आडवे, तारा जमिनीवर, कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात. वीज नसलेल्या दिवसांत मीटर पुढे सरकत नाही. सरासरीला मात्र वादळ आलेलं कळत नाही.

एक हिशोब करून बघू. समजा तुमच्या घरी महिन्याला 150 युनिट लागतात, पण तीन महिने सरासरीने 60-60 चं बिल आलं. चौथ्या महिन्यात खरं रीडिंग मिळालं. चार महिन्यांचे झाले 600, भरले 180, उरले 420. घरगुती विजेचा दर टप्प्यांचा असतो: पहिले 100 युनिट स्वस्त, 101 ते 300 महाग, त्यापुढचे आणखी महाग. 420 युनिट एकाच महिन्याचे धरले, तर 120 युनिट तिसऱ्या टप्प्यात जातात. चार महिन्यांत वाटले, तर तिसऱ्या टप्प्यात एकही जात नाही. वाटणी व्हायलाच हवी आणि ती झाली का, हे बिलावर तपासायचा तुम्हाला हक्क आहे. पण तपासायला हातात काय हवं? दर महिन्याचा आकडा. आईबाबांना बिलाची रांग माहीत असते, ॲप तुमच्या फोनमध्ये असतं. म्हणून हे काम तुमचं.

महिन्यातून दोन मिनिटं

• बिलावर रीडिंगची तारीख असते. दर महिन्याला त्याच सुमारास मीटरचा फोटो काढा. आकडे आणि मीटर क्रमांक दोन्ही दिसले पाहिजेत.

• डिजिटल मीटरवर आकडे बदलत राहतात. किलोवॅट-अवर दाखवणारा आकडा येईपर्यंत थांबा. जुन्या चाकाच्या मीटरवर दशांशाचं शेवटचं चाक सोडून द्या.

• महावितरणच्या ॲपवर किंवा वेबसाइटवर ग्राहक क्रमांक टाकून रीडिंग स्वतः पाठवता येतं. रीडिंग पाठवा असा एसएमएस आला, तर चार दिवसांची मुदत असते. ती चुकवू नका. त्यासाठी घरातला चालू मोबाइल नंबर ग्राहक क्रमांकाला जोडलेला हवा.

• गावचं घर बंद असेल, तर शेजारच्या काकूंना किंवा वाडी बघणाऱ्या दादांना महिन्यातून एक फोटो पाठवायला सांगा. मीटर कुलपाआड असेल, तर तो दर्शनी भागात आणून घ्या.

• मीटर बदलायला आले, तर जुन्याचं शेवटचं आणि नव्याचं पहिलं रीडिंग, दोन्हींचे फोटो काढल्याशिवाय जुना मीटर हलवू देऊ नका. नानाभाई मूस यांनी दोन वर्षं जे केलं, त्याचं हे घरगुती रूप.

• स्मार्ट मीटर बसला असेल, तर रीडिंग आपोआप जातं. तरी बिल आलं की भिंतीवरचा आकडा आणि कागदावरचा आकडा एकदा शेजारी ठेवून बघा.

फोटो गॅलरीत हरवतात, म्हणून आकडा वहीतही लिहा: तारीख, रीडिंग, मागच्यापेक्षा किती वाढलं. वर्षभराने त्या पानावर घरातल्या एसीचा मे महिना दिसेल, गणपतीतली रोषणाई दिसेल, बिघडलेला फ्रिजसुद्धा सापडेल. आणि बिल अवाच्या सवा आलं, तर वीज कार्यालयाच्या खिडकीपाशी आवाज चढवायची गरज पडणार नाही. वही उघडून पुढे सरकवली की झालं.