जखमेच्या तळाशी दडलेले जंतू

पेनिसिलीनचे जनक म्हणून अलेक्झांडर फ्लेमिंग यांना सारे जग ओळखते. पण त्या शोधाच्या कितीतरी वर्षे आधीच त्यांनी जखमांविषयी एक मोलाची गोष्ट शोधून काढली होती. तिची आठवण फारशी कुणी काढत नाही.

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यात, एका शेतकरी कुटुंबात झाला. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात शिकून ते तिथेच सर ऑल्मरॉथ राइट यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले, तेव्हा दोघेही फ्रान्सच्या किनाऱ्यावरील बुलोन येथे गेले. तिथल्या कॅसिनोच्या इमारतीत लष्करी रुग्णालय होते आणि त्यातच त्यांची प्रयोगशाळा.

आघाडीवरून येणाऱ्या जखमी सैनिकांपैकी अनेक जण गोळीने नव्हे, तर नंतर झालेल्या जंतुसंसर्गाने दगावत. गॅस गँगरीन आणि धनुर्वाताने थैमान घातले होते. शल्यचिकित्सक जखमेत कार्बोलिक आम्लासारखी जंतुनाशके ओतत, तरी पू थांबत नसे.

फ्लेमिंग यांनी जखमांतील स्रावाचे आणि सैनिकांच्या गणवेशाच्या चिंध्यांचे नमुने तपासले. दोन्हींत तेच जंतू सापडले. शेणखत घातलेल्या शेतातली माती कपड्याला लागे आणि बॉम्बच्या तुकड्याबरोबर कापडासह खोल मांसात घुसे. तिथे मेलेल्या मांसात, प्राणवायू नसलेल्या जागी हे जंतू फोफावत.

मग जंतुनाशक हरत का होते? फ्लेमिंग यांनी काचेची नळी तापवून तिला आतून पोकळ असे अणकुचीदार फाटे काढले आणि एक कृत्रिम जखमच तयार केली. तीत जंतू वाढवले, नंतर जंतुनाशक भरून ठेवले. ते ओतून टाकून पुन्हा स्वच्छ रक्तद्रव भरला, तर थोड्याच वेळात जंतू परत हजर! औषध कोपऱ्याकपाऱ्यांत पोहोचतच नव्हते. वर ते जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनाच मारत होते. मेलेले मांस लवकर काढावे आणि जखम मिठाच्या पाण्याने धुवावी, असे राइट आणि फ्लेमिंग यांचे म्हणणे होते. पुष्कळ शल्यचिकित्सकांनी ते मानले नाही.

शरीराच्या पेशींना न दुखावता जंतूंना मारणारे काही सापडेल का, हा प्रश्न घेऊन फ्लेमिंग लंडनला परतले. १९२२ मध्ये त्यांनी लायसोझाइमचा शोध जाहीर केला, १९२८ मध्ये पेनिसिलीन हाती लागले. १९४५ मध्ये फ्लोरी आणि चेन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळच्या भाषणातच, अपुऱ्या मात्रेत औषध घेतल्यास जंतू निर्ढावतील, असा इशारा त्यांनी दिला. ११ मार्च १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

बुलोनचा धडा आजही तितकाच खरा आहे. मधुमेही रुग्णाच्या पायाच्या जखमेवर वरवर कापूस फिरवून घेतलेल्या नमुन्यात बहुधा त्वचेवरचे जंतू सापडतात, खरा गुन्हेगार तळाशीच राहतो. म्हणून आधी जखम सलाइनने धुऊन, मेलेला भाग काढून, तळाच्या मांसाचा छोटा तुकडा घ्यावा किंवा आत साठलेला पू सिरिंजने ओढावा. शक्य असेल तर हे अँटिबायोटिकच्या पहिल्या मात्रेपूर्वी व्हावे. नमुना निर्जंतुक डबीतून लगेच प्रयोगशाळेत जावा. कल्चरसाठीचा नमुना फॉर्मेलिनमध्ये कधीही टाकू नये, त्यात जंतू मरतात. रुग्णानेही आधी कोणती औषधे घेतली ते डॉक्टरांना सांगावे. चुकीच्या नमुन्यावरून चुकीचे औषध ठरते, आणि त्याची किंमत कधी कधी पाय गमावून मोजावी लागते.