फ्रेडरिक डग्लस

अमेरिकेतील मेरीलंड राज्यात इ. स. १८१८ मध्ये एका गुलाम स्त्रीच्या पोटी फ्रेडरिकचा जन्म झाला. गुलामाचे मूल जन्मतःच धन्याच्या मालकीचे होई. आपली जन्मतारीखही त्याला कधी कळली नाही. त्याची आई दूरच्या शेतावर राबत असे. दिवसभराचे कष्ट उरकून ती रात्री कित्येक मैल चालत येई, लेकराला कुशीत निजवी आणि उजाडण्यापूर्वी परत जाई. तो सुमारे सात वर्षांचा असतानाच ती वारली.

पुढे त्याला बाल्टिमोर शहरी एका घरी कामास ठेवण्यात आले. तेथील मालकिणीने ममतेने त्याला मुळाक्षरे शिकविली. परंतु तिच्या पतीने त्यास निक्षून मनाई केली. शिकलेला माणूस गुलाम म्हणून राहणार नाही, अशी त्याला भीती वाटे. हे बोलणे फ्रेडरिकच्या कानी पडले आणि सुटकेची वाट त्याला धन्याच्याच मुखातून समजली.

त्या दिवसापासून त्याने विद्येचा ध्यास घेतला. रस्त्यावरील गरीब गोऱ्या मुलांना तो घरचा पाव देई व मोबदला म्हणून त्यांच्याकडून वाचावयास शिके. जहाजाच्या कारखान्यात लाकडांवर लिहिलेली अक्षरे पाहून ती तो खडूने कुंपणावर गिरवी. पुढे एका शेतावर राबत असता, फटक्यांची भीती न बाळगता, चाळीसांहून अधिक गुलामांना त्याने दर रविवारी गुप्तपणे वाचावयास शिकविले.

३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाचा वेष घेऊन तो आगगाडीने निसटला व न्यूयॉर्कला पोहोचला. त्यानंतर त्याने डग्लस हे आडनाव धारण केले.

१८४१ पासून डग्लस गुलामगिरीविरुद्ध भाषणे देऊ लागले. त्यांचे वक्तृत्व ऐकून, हा मनुष्य गुलाम असणे शक्य नाही, असे लोक म्हणू लागले. तेव्हा १८४५ साली त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले व त्यात धन्यांची खरी नावे दिली. त्यामुळे पुन्हा पकडले जाण्याचे संकट ओढवले आणि त्यांना आयर्लंड व इंग्लंडला जावे लागले. १८४६ मध्ये तेथील मित्रांनी पैसे जमवून त्यांचे स्वातंत्र्य विकत घेतले.

१८४७ साली मायदेशी परतून त्यांनी रॉचेस्टर येथे वृत्तपत्र काढले. पळून जाणारे गुलाम ध्रुवताऱ्याच्या आधारे उत्तरेची वाट शोधीत; म्हणून त्या पत्रासही त्यांनी त्याच ताऱ्याचे नाव दिले. अखेर यादवी युद्धानंतर, १८६५ साली, अमेरिकेच्या राज्यघटनेने गुलामगिरी नष्ट केली.

तथापि डग्लस स्वस्थ बसले नाहीत. कृष्णवर्णीयांप्रमाणेच स्त्रियांनाही समान हक्क मिळावेत, यासाठी ते अखेरपर्यंत झटले. २० फेब्रुवारी १८९५ रोजी स्त्रियांच्या एका परिषदेस उपस्थित राहून ते घरी परतले आणि त्याच सायंकाळी त्यांची प्राणज्योत मालवली.