सायकलवीर फ्रामरोझ दावर

सायकल ही आज खेड्यापाड्यांतील मुलांच्याही परिचयाची वस्तू आहे. शाळेत जाण्यासाठी, बाजारहाट करण्यासाठी आपण तिचा नित्य उपयोग करतो. परंतु याच साध्या दुचाकीवरून पृथ्वी पालथी घालण्याचा संकल्प शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या काही तरुणांनी केला आणि तो तडीसही नेला. फ्रामरोझ दावर हे त्यांपैकीच एक.

दावर हे मुंबईचे पारशी गृहस्थ. वृत्तपत्रांसाठी खेळांच्या वार्ता लिहिणे हा त्यांचा व्यवसाय होता. दुसऱ्यांच्या पराक्रमाची वर्णने लिहिणाऱ्या या वार्ताहराच्या हातून स्वतःलाच एक मोठा पराक्रम घडायचा होता. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईच्या वेटलिफ्टिंग क्लबमधील सहा तरुण सायकलींवरून जगाच्या प्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगारा या तिघांनी १९२८ मध्ये तो पुरा केला. या सहा जणांनी मुंबई सोडून पुरते चार महिनेही झाले नव्हते, तोच २३ जानेवारी १९२४ रोजी दावरही निघाले. त्यांच्यासोबत कोणीही नव्हते.

त्या काळच्या सायकली पोलादी आणि जड असत. अनेक देशांत पक्के रस्ते नव्हते. वाटेत टायर फाटला, तर मदतीला येणारे दुकान शेकडो कोस दूर असायचे. घरच्यांना खुशाली कळवायची, तर पत्र पोहोचायला कित्येक आठवडे लागत. अशा परिस्थितीत दावर एकटेच पश्चिमेकडे जात राहिले आणि मजल दरमजल करीत ऑस्ट्रियातील व्हिएन्ना नगरीत पोहोचले. तेथे त्यांना गुस्ताव स्टावयानिक नावाचा सायकलपटू भेटला. त्याचा देश वेगळा, मातृभाषाही वेगळी. पण प्रवासाची ओढ सारखीच. तो दावरांचा सहप्रवासी झाला आणि पुढील सारा प्रवास दोघांनी मिळून केला.

या प्रवासातील अत्यंत बिकट मजल होती ती आफ्रिकेतील सहारा वाळवंटाची. सहाराचा विस्तार आपल्या भारताच्या जवळजवळ तिप्पट आहे. उन्हाळ्यात तेथील हवेचे तापमान ४५ अंशांच्याही वर जाते, आणि हिवाळ्यातील रात्री हाडे गोठविणारी थंडी पडते.

वाळूत सायकल चालविणे किती कठीण असते, याचा अनुभव कोकणातील मुलांना सहज घेता येईल. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील रेडी गावाच्या समुद्रकिनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी लाटांनी भिजलेली वाळू घट्ट असते. पाण्यामुळे तिचे कण एकमेकांना धरून राहतात. त्या वाळूवरून चाक बऱ्यापैकी धावते. पण चार पावले वर, कोरड्या वाळूत शिरताच तेच चाक रुतून बसते आणि कितीही जोर लावला तरी पुढे सरकत नाही. ही कोरडी वाळू काही क्षणांत ओलांडून आपण माडांच्या सावलीत पोहोचतो. सहारात मात्र ती शेकडो मैल पसरलेली असते.

अशा वाळवंटातील प्रवाशाचा दिवस कसा जात असेल, हे आपण डोळ्यांपुढे आणून पाहू. पहाटेच्या गारव्यात निघावे, तोच सूर्य वर येतो आणि वाळू तापू लागते. चाके रुतली की खाली उतरावे लागते. जिने आपल्याला वाहून न्यावे, तिलाच आपण ढकलत न्यायचे! घशाला कोरड पडते. पण जवळचे पाणी पुढची विहीर येईपर्यंत पुरवायचे असल्यामुळे ते घोटाघोटाने प्यावे लागते. दूरवर चमकणारे तळे दिसते. जवळ जावे तो ते पुढे सरकते, आणि मग कळते की हे मृगजळ! जमिनीलगतच्या तापलेल्या हवेतून जाताना प्रकाशकिरण वाकतात, म्हणून आकाशच पाण्यासारखे भासते. एखादे वेळी वाळूचे वादळ उठते आणि वाटेवरील खुणा पुसून टाकते.

अशा वेळी माघारी फिरावे, असे मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु अर्धी वाट चाललेल्या माणसाला मागची विहीरही पुढच्या विहिरीइतकीच दूर असते. पाणी संपले, तर दोन्हीकडे मरणच. तेथे एकमेकांना सांभाळून पुढचे पाऊल टाकणे, एवढाच मार्ग उरतो. एकाच्या सायकलीत बिघाड झाला, तर दोघांनी थांबायचे. एकाचे पाणी संपले, तर दुसऱ्याने आपल्यातले द्यायचे. वाळवंटात मैत्रीची परीक्षा अशी घोटाघोटाने होते.

या परीक्षेत दावर आणि स्टावयानिक उतरले. त्यांनी सहारा ओलांडला. पुढे दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या विरळ हवेत त्यांनी सायकली चढविल्या आणि ॲमेझॉनच्या घनदाट अरण्यातून वाट काढली. २२ मार्च १९३१ रोजी दावर मुंबईत परतले, तेव्हा त्यांच्या प्रवासाला सात वर्षांहून अधिक काळ लोटला होता. ५२ देशांतून सुमारे १ लाख १० हजार किलोमीटर अंतर त्यांनी पार केले होते. विषुववृत्तावरून पृथ्वीला पावणेतीन प्रदक्षिणा घालाव्यात, एवढे हे अंतर भरते! या प्रवासावर त्यांनी इंग्रजीत ग्रंथही लिहिले. त्यांतील एक ग्रंथ तर सहाराच्या प्रवासावरच आहे.

दावरांच्या प्रवासाचा विचार करताना आपल्या मनात वेगाने धावणारी सायकल येते. परंतु त्यांचा खरा पराक्रम सायकल धावत होती तेव्हाचा नव्हे, ती धावेनाशी झाली तेव्हाचा आहे. चाक रुतले, तेव्हा ते खाली उतरले आणि सायकल ढकलू लागले. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही आणि प्रवास थांबला असेही वाटले नाही. आपल्याही अभ्यासात आणि कामात असे वाळूचे दिवस येतात. त्या दिवशी जो खाली उतरून ढकलत राहतो, तोच पलीकडे पोहोचतो.