वगाचा नायक बदलणारा शाहीर : अण्णा भाऊ साठे

तमाशाच्या बोर्डावर रात्रभर राजा, प्रधान आणि सरदार वावरत असत. त्यांची सोंगे घेणारे कलावंत मात्र बहुतांशी महार-मांगांच्या वस्तीतले असत. पहाटे मुंडासे उतरले की त्याच राजाला गावात पाणी वरून ओंजळीत घ्यावे लागे. वगातला नायक आणि तो उभा करणारा माणूस यांच्यात एवढे अंतर पिढ्यान्‌पिढ्या राहिले, आणि त्याचे नवल फारसे कोणाला वाटले नाही. हे अंतर ज्यांना खुपले, त्यांत अण्णा भाऊ साठे यांचे नाव आम्ही अग्रभागी ठेवतो. कादंबरीकार म्हणून त्यांचा गौरव पुष्कळ होतो. आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी मुले रंगमंचावर उभी राहतात, म्हणून या स्मरणिकेत आम्ही त्यांचे रंगभूमीवरचे चरित्र सांगावयाचे योजिले आहे.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. ज्या दिवशी मुंबईत लोकमान्य टिळकांनी देह ठेवला तोच हा दिवस. वाटेगाव वाळवे तालुक्यात, त्या काळच्या सातारा आणि आजच्या सांगली जिल्ह्यात आहे. आईचे नाव वालुबाई. घर मांगवाड्यातले. इंग्रज सरकारच्या १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांत मांगांनाही ओढले गेले होते आणि चावडीवरची हजेरी त्यांच्या नशिबी आली होती. मुलगा शाळेत गेला तो दीड दिवस, असे सांगतात. जातीवरून मिळालेली वागणूक त्याला सहन झाली नाही. पुढे मुंबईत दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची भित्तिपत्रके वाचीत तो अक्षरे शिकला. वसतिगृहात राहून आज शिकणाऱ्या आमच्या मुलांनी हा तपशील थोडा थांबून वाचावा.

१९३० नंतरच्या त्या हलाखीच्या वर्षांत साठे कुटुंब वाटेगावाहून मुंबईला पायी गेले. वाटेत जेथे काम मिळेल तेथे थांबायचे, पोटाला काही मिळाले की पुढे निघायचे. मुंबईत अण्णांनी कोळसे वेचले, हमाली केली, गिरणीत राबले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्यांना कामगार चळवळ भेटली आणि ते कम्युनिस्ट झाले. मध्यंतरी गावी परतले असता चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात त्यांनी काम केले. आमच्या मते त्यांची खरी नाट्यशाळा ती. वाद्ये, बतावणीतली हजरजबाबी आणि गर्दीला तासन्‌तास धरून ठेवण्याची युक्ती त्यांनी तेथून उचलली. नाटकगृहाचा पडदा त्यांनी पाहिला तो फार उशिरा.

१९४३ साली त्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. व्होल्गाकाठचे युद्ध डफावर गाणारा हा तरुण मुंबईच्या कामगारवस्तीत ठाऊक झाला. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तिघांची जात, गाव आणि स्वभाव भिन्न. अमर शेख बार्शीकडचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांचा आवाज मैदान भरून टाकी. अण्णांकडे लेखणी होती आणि सोंग उभे करण्याचे कसब होते.

या पथकासाठी अण्णांनी तमाशाची जुनी बांधणी घेतली आणि आतले सामान बदलले. पूर्वी गणात गणेशाला वंदन असे. अण्णांच्या गणात मायभूमीला आणि शिवरायांना वंदन आले. गवळण आणि तिच्यातली कृष्ण-पेंद्याची थट्टा त्यांनी गाळली. वगात राजाच्या जागी कर्जात बुडालेला शेतकरी, गिरणीतला मजूर, घर नसलेला माणूस नायक म्हणून उभा राहिला आणि खलनायकाच्या जागी सावकार, शेटजी व पुढारी आले. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’, ‘माझी मुंबई’ ही नावेच विषय सांगतात. ‘माझी मुंबई’त वाद एवढाच, की ही नगरी कोणाची : ज्याने पैसा लावला त्याची की ज्याने ती घाम गाळून बांधली त्याची? अडाणी समजला गेलेला माणूस सरळसाधे प्रश्न विचारीत जातो आणि शहाण्याची बोबडी वळते. हसता हसता प्रेक्षकाला आपल्या गावचा सावकार ओळखू येई. जुन्या सोंगाड्याचे विनोदाचे काम अण्णांनी नायकाच्या हाती दिले, हे त्यांचे मोठे धाडस होय.

या खेळांत उणे काही नाही, असा आमचा दावा नाही. काही पात्रे माणसे कमी आणि पक्षाची मते अधिक वाटतात. शेटजी सर्वत्र सारखाच लोभी आणि मजूर सर्वत्र सारखाच सच्चा. परंतु ढोलकीच्या थापेवर, कंदिलाच्या उजेडात, हजारोंच्या गर्दीपुढे करायच्या खेळाला ठळक रेषाच लागतात. वाचून पाहणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंधने आणली आणि लाल बावटा पथकाच्या खेळांवर बंदी आली. तमाशा करू दिला जात नाही, तर तोच खेळ ‘लोकनाट्य’ या नावाने होऊ लागला. आज सरकारी स्पर्धांतून मानाने मिरवणारा हा शब्द रूढ होण्यामागे असा संघर्ष आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णांच्या मुंबईवरील लावणीने सभा भारून टाकल्या. गावी राहिलेल्या प्रियेचा विरह हे तिचे वरचे रूप. आत बेळगाव-कारवारसारखा तुटलेला मराठी मुलूख होता. आपला बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. त्या लावणीतल्या विरहाचा एक धागा वऱ्हाडापर्यंत पोचतो, असे आम्हांस वाटते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाल्यावर अण्णांनी त्यांना वाहिलेले गीत आजही जयंतीला गायिले जाते. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. १९५९ ची ‘फकिरा’ कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. तिला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. उपाशी वस्तीसाठी धान्य लुटणारा आणि ओलीस धरलेल्या आपल्या माणसांसाठी स्वतः शरण जाणारा फकिरा हा बोर्डावरच्या नायकाचाच थोरला भाऊ. ‘वैजयंता’त तर त्यांनी तमाशातल्या स्त्रीचे जिणे मांडले, त्यावर १९६१ मध्ये चित्रपटही निघाला. अण्णा बौद्ध झाले नाहीत आणि त्यांचा लाल बावटाही त्यांनी सोडला नाही. यावरून मांग-महारांत त्यांची वाटणी करणारे लोक आपल्याही परिसरात आढळतात. फकिरा ज्यांच्यासाठी धान्य लुटतो, त्यांत दोन्ही वस्त्या होत्या, एवढे आम्ही नोंदवितो.

१९६१ मध्ये ते रशियाला जाऊन आले. ज्या देशाच्या लढाईवर अठरा वर्षांपूर्वी पोवाडा गायिला तो देश त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि प्रवासवर्णन लिहिले. परतले ते घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत. तीसहून अधिक कादंबऱ्या, कथा, वग आणि पोवाडे लिहिणाऱ्या या माणसाच्या हाती पैसा टिकला नाही. पथक पांगले होते, संसार विस्कटला होता, दारूने शरीर पोखरले होते. पोवाड्यांत वीर अखेरपर्यंत ताठ असतो. शाहिराला तसे राहता आले नाही, आणि ते झाकून ठेवण्यात आम्हांस मोठेपणा दिसत नाही. अखेरीस सरकारने गोरेगावच्या सिद्धार्थनगरात त्यांना घर दिले. तेथेच १८ जुलै १९६९ रोजी ते वारले. एकोणपन्नास वर्षे पूर्ण व्हावयास चौदा दिवस उरले होते. सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेखही अपघातात गेले.